दातांची भिंत पाडणारी ठकू

सांडवी नदीवर पूल नव्हता, तालुक्याला बैलगाडीच्या वाटेनं जावं लागे आणि गावोगावच्या भिंती चुन्यातच बांधल्या जात, तेव्हाची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्याकडची सगळ्यात म्हातारी माणसंसुद्धा ती जुनी म्हणूनच सांगतात. तेव्हा ऐका, आणि मध्ये उठू नका.

नदीच्या अलीकडच्या काठाला पांढरवस्ती होती. वस्ती लोणाऱ्यांची, म्हणजे चुना भाजणाऱ्यांची. पुरुष ओढ्यातून चुनखडी वेचून आणत, बायका टोपल्यांनी ती भट्टीशी नेत. भट्टीत एक थर बाभळीच्या लाकडांचा आणि एक थर खडीचा असं रचत जायचं, आणि मग आठ-आठ दिवस ती भट्टी जळत राही. घरांवर, गुरांच्या पाठीवर, माणसांच्या भुवयांवर सदा पांढरी धूळ. आसपासची देवळं आणि विहिरी याच वस्तीच्या चुन्यावर उभ्या राहिल्या होत्या. त्यामुळं या लोकांना चुन्याचा अभिमान फार. इतका, की त्यापायी त्यांची अक्कल जरा झाकोळली होती. मी हे रागानं म्हणत नाही. म्हणजे, थोडं रागानंच म्हणतोय.

झालं होतं असं. दगडावर नुसता दगड ठेवला तर भिंत राहत नाही, मध्ये चुना लागतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. मग माणसाच्या तोंडात दातांना धरून कोण ठेवतं? तिथंही चुनाच, असं त्यांनी ठरवून टाकलं. दातांच्या मुळाशी जे पिवळट, टणक कीटण साचतं ना, तो म्हणे देवानं भरलेला चुना. तो जितका जाड, तितके दात पक्के. म्हणून वस्तीत कुणी दात घासतच नसे. सकाळी एक चूळ भरली की तोंड धुऊन झालं. बाभळीची काडी तोंडात घालणं तर पापच, कारण बाभूळ हे भट्टीचं अन्न. वर आणखी एक रीत होती. भट्टीवरून परतल्यावर धुळीनं घसा धरू नये म्हणून जो तो गुळाचा खडा चघळायचा, आणि त्यावर पाणी प्यायचा नाही. गूळ घशाला चिकटून राहायला हवा, असं त्यांचं म्हणणं. घशाला तो किती चिकटायचा देव जाणे, दातांना मात्र रात्रभर चिकटून असायचा.

चाळिशीला आलेल्या माणसाचे खालचे दात कीटणानं एकमेकांना जुळून गेले, की बायका कौतुकानं म्हणत, "भिंत बांधली गं!" पुढं पाच-सहा वर्षांत ती भिंत डुगडुगायला लागे. भाकरीला रक्त लागे, तोंडाला वास येई, आणि एके दिवशी दात हातात येत. तेव्हा लोक हळहळत, की चुना कमी पडला. मग उरलेल्या दातांच्या हिरड्यांना वरून आणखी चुना चोळत. कातडी सोलून निघे, डोळ्यांतून पाणी येई, तरी चोळत.

अशा वस्तीत ठकू सून म्हणून आली.

ठकूचं माहेर दोन दिवसांच्या वाटेवर, डोंगरात. तेही लोणारीच, पण कोळसा पाडणारे. भट्टीचा नाईक गेनू, त्याची बायको साळूबाई आणि त्यांचा एकुलता मुलगा म्हादू, या घरात ती पडली. कामाला वाघीण, बोलायला मोकळी. एकच खोड होती तिला. रोज उजाडायच्या आधी ती नदीवर जायची, बाभळीच्या कोवळ्या काडीचं टोक चावून चावून त्याचा कुंचला करायची आणि दात घासायची. घाईनं नव्हे. हिरडी आणि दात जिथं भेटतात त्या कडेनं हलक्या हातानं, मग दाढांच्या मागं, मग खालच्या दातांच्या आतल्या बाजूनं, जिथं कुणाचं लक्ष जात नाही. दोन दातांमधल्या फटीत ती रुप्याचं दातकोरणं फिरवायची. शेवटी सगळ्या दातांवरून जीभ न्यायची. गुळगुळीत लागलं तर झालं, खरखरीत लागलं तर पुन्हा काडी.

तिच्या आईनं तिला शिकवलेलं होतं, "रोज नवी साय धरती दातावर. साय हाय तवर काडीनं निघती. ऱ्हायली तर माती हुती, आन दहा-बारा दिसांत दगूड. दगूड मग काडीला भीत न्हाई."

साळूबाईनं तिला एकदा नदीवर पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. साळूबाई तशी वाईट बाई नव्हती. पोरीला माहेरची सवय आहे, जाईल हळूहळू, असं ती मनाशी म्हणाली. सासू-सुनेचं गूळपीठ होतं. ठकूला मुलगी झाली तेव्हा साळूबाईनं स्वतः तिला न्हाऊमाखू घातलं, आणि मुलीचं नाव झुंबर ठेवलं.

झुंबर पाच वर्षांची झाली त्या साली साळूबाईच्या हिरड्या सुजल्या. नाइकाची बायको ती, सगळ्या वस्तीत तिच्या दातांची भिंत नावाजलेली. पण आता तिला भाकरी चावेना. ती दुधात कुस्करून खायची, तरी रक्त यायचं. बोलताना पदर तोंडाला लावायची, कारण वास तिचा तिलाच सोसत नव्हता. ठकूला राहवेना. एके दुपारी घरात कुणी नसताना ती सासूजवळ बसली.

"आत्याबाई, ह्यो चुना न्हवं. भितीचा चुना दगडाच्या मधी असतुया. ह्यो वरनं सांडल्याला हाय. जमिनीवर चुना सांडला तर तुमी वला हाय तवरच फडक्यानं पुसता का न्हाई?"

साळूबाईनं हिरडीवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं रक्त पाहिलं. मग म्हणाली, "काय करायचं त्ये कर बाई. पन मला घासभर भाकरी खाऊ दे."

ठकूनं आपलं दातकोरणं घेतलं आणि बसल्या बैठकीला सासूच्या खालच्या दातांवरचं कीटण फोडून काढलं. खपल्याच्या खपल्या निघाल्या. इथं ठकूचंही चुकलं, आणि ते मी झाकणार नाही. कीटण काढलं म्हणून दात पडत नाही. पण वीस-पंचवीस वर्षं तो दगड हिरडीच्या आत उतरत गेला होता आणि दाताच्या मुळाला धरणारं जे काही असतं ते त्यानं केव्हाच खाल्लं होतं. ते आधी बघायला हवं होतं, सासूला आधी सांगायला हवं होतं, की हे दात तसेही जाणार आहेत. मायेच्या भरात ते राहून गेलं. चार दिवसांत साळूबाईचे पुढचे चार दात गळून पडले.

आणि पाचव्या दिवशी भट्टी पेटवायची होती.

भट्टी पेटवायचा मान नाइकाच्या बायकोचा. ठिणगीवर पहिली फुंकर तिनं घालायची आणि जाळ एका दमात उठला पाहिजे, अशी रीत. अख्खी वस्ती गोळा झाली. साळूबाईनं पदर बाजूला केला आणि फुंकर घातली. ती दातांच्या खिंडारातून भलतीकडेच गेली. ठिणगी विझली. पुन्हा घातली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा थुंकी उडाली आणि मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्यांना दिसलं, नाइकाच्या घरची भिंत पडली आहे.

"ह्ये कुनी केलं?" गेनू नाइकानं विचारलं.

साळूबाईला खरं सांगता आलं असतं. म्याच म्हनलं हुतं, एवढे तीन शब्द. पण लाज फार वाईट. तिनं सुनेकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "हिनं पाडली माझी भित."

ठकूनं ते बोट आपल्यावर राहू दिलं. सासूला खोटी पाडायची तर भर वस्तीत पाडावी लागणार होती. तिनं एकदा म्हादूकडं पाहिलं. म्हादू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. वस्तीनं तिथल्या तिथं निवाडा केला. भट्टीचं सरपण चावणारी, भिंत पाडणारी ही बाई नदीपलीकडं राहील. पोर अलीकडं राहील. वस्ती हाक मारील तेव्हाच तिनं पाण्यात पाय घालायचा.

ठकूनं झुंबरला पोटाशी धरलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती पाण्यात उतरली. तिच्या मागं नदीला त्या दिवशी चुन्यासारखा पांढरा फेस आला, असं म्हणतात.

पलीकडच्या काठावर तिनं कुडाची झोपडी घातली. म्हादू आठवड्याला एकदा पीठमीठ नेऊन ठेवी, खाली मान घालून. दुसऱ्या दिवशी उजाडताना ठकू पाण्याशी येऊन एका धोंड्यावर बसली. अलीकडं झुंबर येऊन उभी राहिली. आईचं बोलणं पोरीला ऐकू जात नव्हतं, तेवढी नदी रुंद होती; मोठ्यानं मारलेली हाक तेवढी पोचली असती. मग तिनं तोंडात काडी घातली आणि सावकाश, हात मोठा फिरवत, दात घासायला सुरुवात केली. पोरीनं बोट तोंडात घातलं आणि आईचं बघून तसंच केलं. वरच्या दाढा, खालच्या दाढा, आतली बाजू. शेवटी आईनं जीभ फिरवली, पोरीनं जीभ फिरवली. मग आईनं हात वर केला. म्हणजे झालं, जा आता.

असं रोज चाललं. पावसात, थंडीत, रोज. मुलीला काडी मिळावी म्हणून ठकू वरच्या वळणाला जाऊन बाभळीच्या काड्या पाण्यात सोडायची, आणि त्या वाहत अलीकडं यायच्या. नदीला पूर असला तरी काडी वाट चुकत नसे. लाकडं, म्हशी, छपरं वाहून जात आणि त्यांतून एक काडी तेवढी सरळ झुंबरच्या पायाशी येऊन थांबे, असं म्हणतात. संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की झुंबर चूळ भरायची, तेही पलीकडून हातवारे करून आईनंच शिकवलेलं. हळूहळू एकीचं बघून दुसरी, अशी वस्तीतली पोरं तिच्याभोवती बसायला लागली. मोठ्यांनी दोन-चार वेळा हाकललं. पोरं हाकलून थोडीच जातात. पलीकडं एक बाई आणि अलीकडं वीस-पंचवीस पोरं, सगळी एका तालात दात घासताहेत, असं ते चित्र होतं.

पण ठकू काही नुसती पोरांसाठी तिथं बसत नव्हती. ती हाकेची वाट पाहत होती. हात वर केल्यावर ती थोडा वेळ तशीच बसायची, कान देऊन. आज कुणी बोलावील. आज बोलावलं नाही, तर उद्या. आणि अलीकडं, पोरांच्या मागं, साळूबाई उभी असायची. तिनं आपले पडलेले दात चिंधीत बांधून ठेवले होते. ते तिनं नीट पाहिले होते. मुळांच्या टोकापर्यंत दगड चढलेला होता आणि दात कशानंच धरलेला नव्हता. सुनेनं दात पाडले नाहीत, ते आधीच पडल्यात जमा होते, हे तिला कळलं होतं. रोज ती हाक मारायची म्हणून यायची आणि रोज तोंड मिटून परत जायची. सून घरी आली आणि बोलली तर? या एका भीतीपायी सात वर्षं गेली. त्या सात वर्षांत साळूबाईचे राहिलेले सगळे दात गेले, गेनू नाइकाचे गेले, वस्तीतल्या निम्म्या मोठ्यांचे गेले. झुंबरचे दुधाचे दात पडून नवे आले, त्यांतला एक हलला नाही.

झुंबर बारा वर्षांची झाली. तेव्हाच्या रीतीप्रमाणं लग्न ठरलं, लांबच्या गावी. मांडव घातला तेव्हा म्हादू सात वर्षांत पहिल्यांदा ठकूसाठी बोलला.

"आये, तिला हाक मार की गं. पोरीचं लगीन हाय."

"मारीन. लगीन हू दे, मग मारीन," साळूबाई म्हणाली.

ठकूला पलीकडून मांडव दिसत होता. तिनं ठेवणीतलं लुगडं धुतलं, झुडपावर वाळवलं आणि नेसून धोंड्यावर बसली. हळद लागली, कुणी बोलावलं नाही. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पंगती उठल्या, कुणी बोलावलं नाही. मला विचाराल तर, या वस्तीत त्या दिवशी एकालाही घास गोड लागायला नको होता. पण लोक जेवले.

निघायच्या सकाळी झुंबर हळदीच्या अंगानं नदीवर आली. दोघींनी शेवटच्या वेळी बरोबरीनं दात घासले. मग झुंबर आईकडं बघून हसली, सगळे दात दिसतील अशी, इतकी मोठी, की पलीकडच्या पाखरांनी ऊन आलं समजून उडायला सुरुवात केली, असं म्हणतात. ठकूनं हात वर केला. झुंबर गाडीत बसली. गाडी दिसेनाशी झाली तरी ठकूचा हात वरच होता.

दुसऱ्या दिवशी पोरं आली, तर ठकू धोंड्यावर बसलेली होती, तोंडात काडी, तोंड वस्तीकडं. पोरं दात घासून गेली. तिसऱ्या दिवशीही ती बसलेली होती. चौथ्या दिवशी साळूबाई पोरांच्या मागं उभी होती, आणि तिच्या ध्यानात आलं की सुनेचा हात हलत नाही. खांद्यावर एक खंड्या बसला आहे, आणि ती त्याला हाकलत नाही.

"ठके!" साळूबाई ओरडली. सात वर्षं अडकलेली हाक अखेर निघाली, पण बोळक्या तोंडातून शब्द धड फुटेना, नुसती हवा यायची. "ठके, ये गं घरी! ये गं माझी बाय! म्याच म्हनलं हुतं गं तुला, म्याच!" ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि ओरडत राहिली. सगळी वस्ती धावत आली. सगळ्यांनी ऐकलं. नदीपलीकडून काही उत्तर आलं नाही.

ठकूला तिथंच बाभळीच्या लाकडांवर ठेवून अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले तर हाडं सगळी विरून गेली होती, पण बत्तीसच्या बत्तीस दात राखेत जसेच्या तसे होते, आताच घासल्यासारखे, असं म्हणतात. गेनू नाईक ते हातात घेऊन बसून राहिला. जन्मभर चुना ओळखणारा माणूस. त्या दातांवर चुन्याचा कणसुद्धा नव्हता. पुढं त्या काठावर ज्या बाभळी उगवल्या, त्या भट्टीत घालून पाहिल्या तर पेटल्याच नाहीत. मग लोकांनी त्यांच्या काड्या केल्या. साळूबाई पुढं जगली तितकी वर्षं रोज नदीवर बसून लहान पोरांचे दात ओल्या फडक्यानं पुसत राहिली. तिच्याशी फारसं कुणी बोलत नसे, आणि तिनंही कुणाशी बोलायचा प्रयत्न केला नाही.

आता भट्ट्या विझल्या. सिमेंट आलं, पूल झाला, दुकानात ब्रश आणि पेस्ट मिळते, आणि ते पोरं वापरतातही. पण पांढरवस्तीत एक दिवस पाळतात. मुलाचा दुधाचा दात पडून पहिला कायमचा दात वर आला, की त्या मुलाची आई उजाडायच्या आत पलीकडं जाते. पुलावरून नाही, पाण्यातून. मूल अलीकडं आजीजवळ राहतं. आई काडीनं दात घासून दाखवते, मूल बघून बघून घासतं, दोघं जीभ फिरवून बघतात. मग आजीनं, म्हणजे त्या बाईच्या सासूनं, भर वस्तीसमोर मोठ्यानं हाक मारायची, "ये गं घरी!" सासू हयात नसेल तर शेजारची म्हातारी मारते. आणि सुनेनं पलीकडून मोठ्यानं उत्तर द्यायचं, "आले, आत्याबाई!" ते उत्तर ऐकू येईपर्यंत अलीकडच्या काठावरचं कुणी जागचं हलत नाही.

गेल्या साली वारा उलटा होता. आजीनं हाक मारली, उत्तर ऐकू आलं नाही. पुन्हा मारली, नाही आलं. पलीकडं धडधाकट सून उभी आहे, ओरडते आहे, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. तरी तिसरी हाक मारताना त्या म्हातारीचा आवाज फुटला आणि ती तशीच पाण्यात चालत निघाली. तिच्या मागं काठावरच्या सगळ्या बायका पाण्यात उतरल्या.

सुनेला घेऊनच त्या परत आल्या.